सायलेन्सरच्या आधीचा डबा

नमस्कार मंडळी. परवा सात रस्त्याजवळ एका गॅरेजात थांबलो होतो, तिथं एक जण मिस्त्रीला सांगत होता, तो कॅटलिटिक कन्व्हर्टर काढूनच टाका की, अॅव्हरेज वाढतं म्हणे. मला राहवलं नाही, म्हणून आज त्यावरच, म्हणजे धुरातलं विष कमी करणाऱ्या सायलेन्सरच्या आधीच्या त्या डब्यावरच बोलतो.

लोकांना वाटतं निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. तसं नाही ओ. इंजिन गरम आणि धड असेल तर शंभरातलं ९७-९८ टक्के पेट्रोल आतच जळतं. चाकांपर्यंत ताकद पोचते ती जेमतेम पाव हिस्सा, हे खरं, पण बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जाते, कन्व्हर्टर काढला म्हणून ती परत थोडीच मिळणार?

आता राहिलेले दोन-तीन टक्के. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते आणि जळायला वेळ मिळतो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी, त्यात सिलेंडरच्या थंड भिंतीला, सांदीकोपऱ्यात थोडं पेट्रोल राहतंच, थोडं अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि आतल्या भयंकर उष्णतेनं हवेतला नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनला चिकटतो. प्रमाण थोडं, पण हेच विष आपण नवी पेठेत सिग्नलला उभं राहून ओढतो, लेकरं पुढं टाकीवर बसलेली असतात.

कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अगदी पातळ लावलेलं. तिथनं जाताना मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन परत साधा नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होत नाही, लिटरमागं सव्वादोन किलोच्या वर निघतोच. पूर्वी पेट्रोलमध्ये असायचं ते शिसं या जाळीला चालत नाही, म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा शिसंविरहित पेट्रोलही आणावं लागलं, आणि २००० साली देशभरातनंच शिसं गेलं. मला तर हा फायदा फार मोठा वाटतो.

अजून एक, आपली कडक भाकरी जशी तवा तापल्याशिवाय होत नाही तसंच याचं, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापला की मग कामाला लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानाला कार काढली तर तो तापायच्या आतच आपण परत घरी.

कन्व्हर्टर खरंच चोंदला असेल तर पिकअप मरतो, पण मग तो का चोंदला ते आधी बघा, प्लग मिस होतोय का म्हणजे ठिणगी चुकतेय का, ऑइल जळतंय का. आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि ती जाळी वितळते.