मॉस्बीचा मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

शाहिस्तेखानाची बोटं आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतात. लाल महालातली ती रात्र १६६३ सालची. त्यानंतर दोनशे वर्षांनी, मार्च १८६३ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात तसाच एक छापा पडला.

गाव व्हर्जिनियातलं, फेअरफॅक्स कोर्टहाउस. भोवती उत्तरेच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सरकारच्या, फौजेचे तळ. पावसाळी काळोखात दक्षिणेचा जॉन मॉस्बी अवघे २९ स्वार घेऊन आत शिरला आणि ब्रिगेडियर जनरल स्टोटन यांना अंथरुणातून उठवलं. "मॉस्बीचं नाव ऐकलंय?" "हो! पकडलात त्याला?" "नाही, त्यानंच तुम्हाला पकडलंय." किस्सा खुद्द मॉस्बीचा, तेव्हा थोडं तिखटमीठ धरूनच चाला. जनरलबरोबर ५८ घोडेही गेले. लिंकन म्हणे म्हणाले, ब्रिगेडियर दुसरा नेमता येईल, घोडे कुठून आणू?

हा मॉस्बी पेशाने वकील, अंगाने किडकिडीत. तलवारीवर त्याचा विश्वास नव्हता; त्याच्या स्वारांची भिस्त पिस्तुलांवर. त्याच्या तुकडीला छावणी नव्हती, तंबू नव्हते, भटारखाना नव्हता. फॉकियर आणि लाउडन या परगण्यांतल्या घरांत माणसं पांगून राहायची, निरोप आला की ठरल्या जागी जमायची, आणि काम उरकलं की पुन्हा कुणाच्या तरी माळ्यावर. लूट स्वारांत वाटली जाई. आपल्याकडे गनिमी कावा म्हटलं की डोळ्यांसमोर सह्याद्री येतो. मॉस्बीचे गडकिल्ले म्हणजे ही घरं, आणि तिथल्या बायकांनी रांधलेली भाकरी.

शत्रूलाही ते कळत होतं. सप्टेंबर १८६४ मध्ये फ्रंट रॉयल इथे मॉस्बीच्या सहा पकडलेल्या माणसांना ठार केलं गेलं. मॉस्बीने बदला घ्यायचा ठरवून २७ कैद्यांपुढे चिठ्ठ्यांची टोपी फिरवली. सात चिठ्ठ्या मरणाच्या. एक निघाली ढोल वाजवणाऱ्या पोराच्या हाती. त्याला सोडलं, आणि त्याच्या वाटची चिठ्ठी दुसऱ्या कुणाला तरी काढावी लागली. नंतर मॉस्बीने उत्तरेच्या जनरल शेरिडनला पत्र लिहिलं, की तुम्ही थांबलात तर आम्हीही थांबू.

कैद्यांपुरतं ते थांबलंही. गावांचं काय? नोव्हेंबरच्या अखेरीस शेरिडनने आपलं घोडदळ लाउडन खोऱ्यात सोडलं. हुकूम असा की राहती घरं जाळू नका. बाकी कोठारं, गिरण्या, गवताच्या गंजी पेटवा, गुरं हाकून आणा. पाच दिवस खोरं जळत होतं.

त्या खोऱ्यात क्वेकर पंथाचे बरेच शेतकरी होते. शस्त्र न धरणारे, गुलामगिरीचे विरोधक, मनाने उत्तरेचे. मॉस्बीच्या लोकांनी त्यांनाही नागवलं होतं. आता निळ्या डगल्यातले स्वार दिसल्यावर त्यांना वाटलं असेल, आपली माणसं आली. त्यांचीही कोठारं जाळली गेली.

मॉस्बी मात्र हाती लागला नाही. २१ एप्रिल १८६५ रोजी त्याने शरणागती न पत्करता तुकडी विसर्जित केली. पुढे उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाले, तर हा त्यांचाच पाठीराखा बनला, आणि नंतर हाँगकाँगला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला. व्हर्जिनियातल्या अनेकांना ते फार झोंबलं. ज्याला त्यांनी माळ्यावर लपवलं होतं, तोच हा.