नव्या मरीन टँकमधले पांढरे ठिपके: औषध टाकण्याआधी बघा

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय. हा माझा नवा मरीन टँक. खारं पाणी भरून पाच आठवडे झाले, मासा अजून एकही सोडलेला नाही. आता जरा काचेजवळ या.

(क्लोज-अप: काच)

दिसले? राजगिऱ्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, काही त्याहून बारीक. चालतात, थांबतात, मग एकदम टुणकन उडी. हे कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले. काचेवरचं शेवाळ खाऊन जगतात.

समुद्र आपल्यापासून घाट उतरून पलीकडं, पाणी घरीच आरओच्या पाण्यात मीठ मिसळून केलेलं, दगडही कोरडा आणलेला. मग हे आले कुठनं? एका मित्रानं मूठभर समुद्री शेवाळ आणि कोरलचा छोटा तुकडा दिला होता, त्याला चिकटून.

कोपेपॉड आपल्याला नवे नाहीत. घरातल्या वयस्कर माणसांना नारू विचारा, माणसाच्या अंगात वाढणाऱ्या लांब जंताचा रोग. विहिरीच्या पाण्यातला सायक्लॉप्स पोटात गेला की नारू व्हायचा, म्हणून फडक्यातून पाणी गाळून प्यायचे. तो सायक्लॉप्स गोड्या पाण्यातला कोपेपॉडच! भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. टँकमधल्या या खाऱ्या भावंडांचा नारूशी काही संबंध नाही, निर्धास्त राहा.

माझ्या पहिल्या टँकमध्ये हेच ठिपके बघून मी घाबरलो होतो. एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, हे औषध टाका. औषधात तांबं होतं. बिनकण्याच्या जीवांना तांबं म्हणजे विष. सकाळी काच लख्ख, आणि गोगलगायी उताण्या पडलेल्या. मेलेलं कुजून अमोनिया चढला, तांबं दगडात मुरलं, तो दगड कायमचा गेला. ते अजून सलतं. रोगाचे ठिपके माशाच्या अंगावर असतात, मीठ शिंपडल्यासारखे. काचेवर चालतो, उडी मारतो, तो रोग नव्हे.

ओळखायचं असेल तर रात्री बसा. टँकचे लाइट बंद करून तासभर जाऊ द्या, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा. लाल उजेडात ही मंडळी फारशी दचकत नाहीत. आणि रंगावर जाऊ नका, चाल बघा. फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, त्यात चाल सापडते. एखादा नीट बघायचा असेल तर ड्रॉपरनं उचलून पांढऱ्या वाटीत सोडा, पण वाटीत टँकचंच पाणी हवं. नळाच्या पाण्यात तो मरेल.

जवळ्यासारखा पाठीत वाकलेला, कुशीवर पोहणारा दिसला तर ॲम्फिपॉड. खसखशीच्या दाण्यासारखा, शिंपल्यात बसून घिरट्या घालणारा ऑस्ट्रॅकॉड. हे दोघेही चांगलेच. जिलेबीसारखं इवलंसं पांढरं वेटोळं काचेला चिकटून बसलंय, हलत नाही? त्या नळीत एक किडा राहतो, पाणी गाळून खातो. खरवडत बसू नका.

दगडाच्या फटीतनं गुलाबी लांबट किडा डोकावला, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके, की लोक चिमटा घेऊन मागं लागतात. अहो, तो उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवतो. फक्त उघडा हात लावू नका, ते केस कातडीत मोडून राहतात आणि आग होते. उडी न मारता नुसता सरकणारा, चपटा, तांबूस, शेपटीला तीन टोकं असलेला दिसला तर मात्र वाढायच्या आत नळीनं ओढून काढा.

काचेवर कोपेपॉडची ही एवढी गर्दी आत्ताच दिसणार, खाणारा मासा नाही म्हणून. मासे आले की ते दगडात लपतील. मँडरिन मासा तर दिवसभर हेच टिपत असतो, म्हणून नव्या टँकमध्ये तो आणू नका, उपाशी मरतो बिचारा.

आता हे बघा, मित्रानं दिलेल्या कोरलच्या बुडाशी.

(क्लोज-अप)

तपकिरी, आरपार दिसणारा देठ, वर लांब शुंडकं. बोट नेलं की झटकन आत. ही एप्टेशिया, एक प्रकारचं समुद्रफूल (सी ॲनिमोन). ही शेजारच्या कोरलला डंख मारते, आणि चिमटून काढली तर राहिलेल्या कणातनं पुन्हा उगवते. म्हणून मी कोरल बाजूला करून खालचा दगडाचा तुकडाच कापून टाकतोय. एकच आहे, तोवर हे जमतं. कटर आणतो.