खाकीचा हिशेब : गोव्यातली पोलिसाची नोकरी

[दृश्य : वाळपई. सकाळचं मैदान, कवायतीच्या रांगा, मागे डोंगर.]

वाळपई. सत्तरी तालुक्यातलं, किनाऱ्यापासून बरंच आत असलेलं गाव. गोव्यात पोलीस शिपाई म्हणून निवड झालेल्या मुलामुलींना घडवणारं पोलीस प्रशिक्षण विद्यालय इथं आहे. धावणं, उड्या, कवायत, कायद्याचे तास. दिवस पहाटे सुरू होतो आणि संध्याकाळी पाय उचलत नाहीत.

ही मुलं इथं का येतात, याचं उत्तर देशभक्ती या एका शब्दात द्यायची पद्धत आहे. देशभक्ती असतेच. पण डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत फिरलं की आणखी एक कारण दिसतं. 2012 मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मधे काही काळ सुरू झाल्या, पण फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडलं. ज्या घरांत बापाचा ट्रक खनिज वाहत होता, त्या घरांतली मुलं मोठी झाली ती बँकेच्या हप्त्याची चिंता ऐकत. त्यांना महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हवा होता. त्यात कमीपणा काहीच नाही. आईबापाला निर्धास्त झोप लागावी म्हणून वर्दी घालणाराही चांगला पोलीस होऊ शकतो.

सरकारी नोकरीची ही ओढ किती तीव्र आहे, ते 2024 च्या अखेरीस सगळ्या गोव्याने पाहिलं. नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्यांची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली आणि त्यांच्या तक्रारी नोंदवून घ्यायला बसले होते ते पोलीसच.

[दृश्य : पगारपत्रकाचा कागद, आकडे जवळून.]

आता पगार. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात शिपाई तिसऱ्या स्तरावर येतो. त्याची सुरुवात महिना 21,700 रुपये मूळ वेतनाने होते. उपनिरीक्षक सहाव्या स्तरावर, सुरुवात 35,400. त्यावर महागाई भत्ता. केंद्राचा हा भत्ता 2024 च्या सुरुवातीला मूळ वेतनाच्या निम्म्यावर पोचला आणि राज्यही त्याच मार्गाने जातं. त्या हिशेबाने नव्या शिपायाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून साडेबत्तीस हजारांच्या वर जातात. घरभाडं आणि इतर भत्ते वेगळे, आणि कपातीही वेगळ्या. नव्या पेन्शन योजनेत असलेल्याच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के दर महिन्याला वळते होतात. जुन्या हवालदाराला निवृत्तीनंतर ठरावीक पेन्शन मिळते, त्याच्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या तरुण शिपायाला तशी खात्री नाही.

हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या गोमंतकीय मुलाला हा पगार मोठा वाटतो. तो मोठाच आहे. पण तो नेमका किती तासांचा, हे पगारपत्रकावर लिहिलेलं नसतं.

1861 च्या पोलीस कायद्याचं कलम 22 सांगतं की पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असं समजलं जाईल. 1857 च्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांनी लिहिलेलं हे वाक्य. 2019 मध्ये देशभरातल्या पोलिसांशी बोलून तयार झालेल्या एका मोठ्या अहवालात दिवसाच्या कामाची सरासरी चौदा तास निघाली. म्हणजे महिन्याच्या साडेबत्तीस हजारांना महिनाभरातल्या अशा चौदा-चौदा तासांनी भागा, आणि मग बोला पगार मोठा की लहान.

[दृश्य : कळंगुट किनारा, गर्दी. कडेला छत्रीखाली दोन पोलीस.]

2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. 2024 मध्ये इथं आलेले पर्यटक एक कोटीहून जास्त. पोलीस दल उभं राहतं ते साधारण पहिल्या आकड्याकडे बघून, आणि काम येतं दुसऱ्या आकड्याचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी मागायची नसते, हे नव्या शिपायाला कुणी सांगावं लागत नाही. मग कार्निव्हल, शिगमोत्सवाची मिरवणूक, दिवाळीच्या आदली नरकासुराची रात्र, देवळांच्या जत्रा, चर्चची फेस्त. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळा गोवा आपापल्या मूळ घरी जातो, तेव्हा रस्त्यावर उभा राहणारा शिपाई कुणाचा तरी मुलगा असतो आणि त्याच्याही घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली असते. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा झाला. त्यातच नाताळ आणि नववर्ष. त्या दीड महिन्याचा बंदोबस्त म्हणजे काय, ते पोलिसांच्या बायकांना विचारावं.

गर्दी ही या नोकरीतली सगळ्यात कमी लेखलेली जोखीम आहे. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे प्राण गेले. हातात वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, अरुंद उतार, मागून येणारा रेटा. त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. जबाबदारी ठरलीच पाहिजे. पण अशा उतारावर उभा असलेला पोलीसही त्याच रेट्यात सापडलेला माणूस असतो, आणि गर्दी किती येणार, वाट कुठे अडणार, याचं नियोजन त्याच्या हातात कधीच नसतं.

आणि मृतदेह. चित्रपटातला पोलीस गोळीबार करतो. गोव्यातला पोलीस मृतदेह उचलतो. या एवढ्याशा राज्यात रस्ते अपघातांत वर्षाला अडीचशेहून जास्त माणसं जातात. पावसाळ्यात समुद्र आणि धबधबे माणसं घेतात. रात्री दोनला 112 वर फोन येतो, गाडी जाते, हेडलाइटच्या उजेडात पंचनामा होतो. पंच म्हणून थांबायला कुणी तयार नसतं. मग शववाहिकेबरोबर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, शवागारात, किंवा म्हापशाला, मडगावला. त्यानंतर खिशातल्या ओळखपत्रावरून नाव शोधायचं आणि दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या घरी फोन करायचा. तो फोन कसा करायचा, हे कवायतीच्या मैदानावर शिकता येत नाही. सकाळी घरी आल्यावर शिपाई आंघोळ करतो आणि मुलीला शाळेत सोडतो. रात्री काय पाहिलं, हे कुणी विचारत नाही. तोही सांगत नाही. मनावरच्या या ओझ्यासाठी दलात समुपदेशकाशी नियमित, सक्तीची भेट हवी, मागितल्यावर मिळणारी नको. कारण आपणहून मागणारा सहकाऱ्यांत कमकुवत ठरतो.

[दृश्य : महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवी नाका, रात्र. ट्रकच्या रांगा.]

गोव्याचा लहान आकार ही या नोकरीची सगळ्यात मोठी सोय आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यातला मुलगा मुंबईत भरती झाला तर महिनोन्‌महिने घर बघत नाही. गोव्यात पेडण्याच्या मुलाची बदली काणकोणला झाली तरी तो राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला एवढंच, रजेच्या दिवशी घरी जेवायला येऊ शकतो. नोकरीला अर्ज करायलाच पंधरा वर्षांचा गोव्यातला रहिवास आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी येत असेल तर बरं. त्यामुळे दल बहुतांशी इथल्याच माणसांचं.

पण याच लहान आकारात धोकाही आहे. नाक्यावर अडवलेली गाडी शाळेतल्या मित्राची निघते. अमली पदार्थांच्या छाप्यात सापडलेला मुलगा वाड्यावरचा असतो. 40 मतदारसंघांचं हे राज्य, एकेका आमदाराचे सरासरी तीसेक हजार मतदार. त्यामुळे आमदार मतदाराला नावाने ओळखतो आणि मतदाराकडे आमदाराचा नंबर असतो. हेल्मेट नसलेल्या मुलाला थांबवलं की तो चलन भरण्याआधी फोन लावतो. बदलीची भीती सगळ्यांना असते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात ठाणेप्रमुखांना किमान दोन वर्षांची मुदत द्या असं सांगितलं ते याचसाठी. साध्या शिपायाच्या मदतीला मात्र त्यातलं फारसं काही येत नाही.

किनारपट्टीतल्या पोस्टिंगबद्दल लोक कुजबुजतात, आणि ती कुजबुज अगदी निराधार आहे असं आम्ही म्हणणार नाही. जिथं पैसा मोठा, तिथं मोह मोठा. तोडपाणी केलेल्या एका पोलिसामुळे त्याच ठाण्यातले सरळ वागणारे दहाजण संशयात जगतात. निलंबन झालं तर सुरुवातीला निर्वाह भत्ता म्हणून अर्ध्या पगाराच्या आसपास रक्कम हातात येते, आणि गावात बातमी त्याच संध्याकाळी पोचते.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. आता झडती आणि जप्तीचं चित्रण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणं अपेक्षित आहे. हे बदल चांगले आहेत, प्रामाणिक पोलिसाला ते वाचवतातच. पण ते करणारे हात तेच आहेत आणि दिवसही तेवढाच.

[दृश्य : पोलीस स्थानकातला फलक, ड्युटीचं वेळापत्रक.]

या न संपणाऱ्या तासांविरुद्ध पोलिसाला बोलता येतं का? शिक्षकांची संघटना आहे, सरकारी कदंब बसच्या चालकांची आहे. पोलिसांचे संघटनेचे हक्क 1966 च्या एका केंद्रीय कायद्याने मर्यादित केलेले आहेत. तो मोर्चा काढू शकत नाही. दुसऱ्यांच्या मोर्चाला बंदोबस्त देतो.

तरीही बदल होऊ शकतो. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका पोलीस शिपायाची. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली आणि पुढे ती शहरभर नेली. मुंबईसारख्या शहरात जे करून बघता आलं, ते पणजी, फोंडा, म्हापसा इथं का करून बघू नये? मनुष्यबळ कमी पडेल, ही हरकत येईल. तेव्हा आधी रिकाम्या जागा भराव्यात, साहेबांच्या बंगल्यावर आणि कार्यालयीन कामात अडकलेले शिपाई ठाण्यात परत पाठवावेत, आणि एका स्थानकात सहा महिने तीन पाळ्या चालवून बघाव्यात. पुढच्या भरतीच्या जाहिरातीत वेतनस्तराच्या शेजारी कामाचे तासही छापावेत. वाळपईच्या मैदानाकडे निघालेल्या मुलांना ते अर्ज भरण्याआधी कळलेले बरे.