मग आमच्या बेनना मार्क कमी होते का?

(बडोद्यातील मराठी मंडळाच्या कोजागरी मेळाव्यातील भाषण, संपादित. गुजरातीत शाळेतल्या बाईंना ‘बेन’ म्हणतात.)

नमस्कार मंडळी. आज कोजागरी, दूध आटतंय, आणि अशा वेळी हलकंफुलकं बोलावं हे मला कळतं. पण गणपतीपासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती आपल्या माणसांपुढे नाही बोलायची तर कुठे?

गौरीजेवणाला घर भरलं होतं. पंगत उठल्यावर कुणीतरी माझ्या मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? ती सातवीत आहे. म्हणाली, शिक्षिका. लगेच दोघी-तिघींच्या तोंडून एकदम निघालं, "अगं, एवढे चांगले मार्क पडतात तुला, आणि मास्तरकी?" तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "मग आमच्या बेनना मार्क कमी होते का?"

त्यावरून संध्याकाळी घरात चांगलाच वाद झाला. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर काही कुणी दिलं नाही.

त्या बेन कोण, ते सांगते. मुलगी तिसरीत असताना तिची वजाबाकी सतत चुकायची. ५०३ वजा २७८. उत्तर २२५ यायला हवं, ही लिहायची २३५. वहीवरच्या लाल फुल्या बघून कुणीही म्हणेल, पोर धांदरट आहे. बेननी मला शाळेत बोलावलं आणि सगळी पानं समोर पसरली. म्हणाल्या, नीट बघा, चुका वीस दिसतात, पण चूक एकच आहे. मधे शून्य आलं की ती शतक सुटं करते, दहा दशक आणते, आणि त्यातला एक एककाला दिल्यावरही दहाच धरते. नऊ उरतात हे तिच्या डोळ्यांपुढे येत नाही. मग त्यांनी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले. दहा काड्यांना एक रबर, अशा दहा जुड्यांचा एक मोठा गठ्ठा. तिच्या हातानं मोठा गठ्ठा सोडवला, त्यातली एक जुडी सोडवली, आणि विचारलं, आता जुड्या मोज. तिनं मोजल्या. नऊ. त्या दिवसापासून ती चूक कायमची गेली.

वर्गात चाळिसाच्या वर मुलं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, ते प्रत्यक्षात कसं असतं हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढी कामं सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये असं म्हटलंय. मतदार याद्या घेऊन उन्हात जिने चढणाऱ्या शिक्षिका आपल्या दारात आल्या की आपण पाणी तरी विचारतो का? एवढ्या सगळ्यातून एका पोरीची वही घेऊन बसायचं आणि वीस फुल्यांच्या मागची एक चूक हुडकायची, याला बुद्धी लागते. चांगली तल्लख बुद्धी लागते.

आपण बडोदेकर सयाजीमहाराजांचं नाव घेतल्याशिवाय भाषण करत नाही, आणि ते योग्यच आहे. १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. तेव्हा देशात हे कुठेही नव्हतं. पण १८७५मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही नव्हती, हे आपण भरभर सांगून पुढे जातो. मला तिथेच थांबावंसं वाटतं. कुणीतरी त्याच्याजवळ बसून मुळाक्षरं गिरवून घेतली. त्यातल्या इलियट साहेबांचं नाव आपल्याला माहीत असतं. बाकीच्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आता थोडं रागावते, राग मानू नका. दरवर्षी याच मंचावर आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. मुलगा असतो, आई-बाबा असतात, आजी डोळे पुसत असते. त्याला शिकवणाऱ्या शिक्षकांना कधी बोलावलं आपण? पाच सप्टेंबरला गुलाब पाठवतो आणि सहा तारखेला रात्री साडेअकराला अर्ध्या मार्कासाठी ग्रुपवर भांडतो. पालकसभेत मार्काखेरीज दुसरा प्रश्न सुचत नाही. आणि घरी मुलांदेखत म्हणतो, एवढे मार्क आणि मास्तरकी? मुलं ऐकत असतात हो. माझ्या मुलीनं ऐकलं आणि सरळ हिशोब मांडला: हुशार माणसानं जे करू नये ते बेन करतात, म्हणजे बेन हुशार नसणार. हा हिशोब तिला आपणच शिकवला.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक मुलानं आपल्या आवडत्या एका शिक्षकाचं नाव द्यावं, आणि मंडळानं घरी जाऊन त्यांना आमंत्रण करावं. मराठी असोत, गुजराती असोत, प्राथमिकच्या असोत. शाल-नारळाचा खर्च मी आणि माझ्या मैत्रिणी उचलू.

मागच्या आठवड्यात रावपुऱ्यात बेन भेटल्या. हे सत्काराचं मी त्यांच्याजवळ बोलले. त्या संकोचल्या, पण बरं वाटलं त्यांना. मग त्यांच्या मुलीची चौकशी केली. तिलाही शिकवायची आवड होती, बीएड करायचं म्हणत होती, पण बेननीच तिला दुसरीकडे वळवलं. म्हणाल्या, तिची ओढाताण मला बघवली नसती. स्वतःच्या कामाबद्दल त्यांच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. त्या येत्या उन्हाळ्यात निवृत्त होताहेत. त्यांच्यासारख्या बाईलाच आपल्या लेकीला या वाटेनं पाठवावंसं वाटत नसेल, तर त्यांच्या तिसरीच्या वर्गावर उद्या कोण येणार, याची मला मनापासून काळजी वाटते.