कोर्टाने पालक नेमलंय? मेहनताना मिळतो, पण आधी हे कलम ३३ बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, पुतण्याचा पालक म्हणून कोर्टाने नेमलंय, तर मेहनताना मिळतो का, आणि उद्या काही चुकलं तर माझ्या अंगावर येणार का?

मेहनतान्याचं पटकन सांगते. १८९० चा पालक व पाल्य कायदा, कलम २२. कोर्ट ठरवेल तेवढाच, आणि ठरवला तरच. अर्जात मागून घ्या, मुलाच्या खात्यातून आपल्या मनाने काढू नका, कारण कलम २० म्हणतं या नात्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही.

आता खरा मुद्दा, कलम ३३. मालमत्तेबद्दल अडलात तर ज्या कोर्टाने नेमलं त्याच कोर्टाला अर्ज करून सल्ला मागता येतो. सगळं खरं खरं सांगितलंत आणि कोर्टाने सांगितलं तसंच वागलात, तर तुमच्यापुरतं कर्तव्य पार पडलं असं कायदा मानतो. एवढं मोठं कवच आहे आणि कोणी वापरत नाही हो!

माझ्या मामांनीही नाही वापरलं. पुतण्याच्या पैशातून त्याच्याच घराचं छप्पर बदललं, कोणाला विचारलं नाही, पावत्या ठेवल्या नाहीत. पोरगा अठरा वर्षांचा झाला, हिशोब मागितला, आणि एक रुपयाही न खाल्लेल्या माणसाने खिशातून पैसे भरले. मामांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही, म्हणून सारखं सांगते, आधी विचारा. काम झाल्यावर नाही, आधी! ते कलम समोर असलेल्या प्रश्नासाठी आहे, उरकलेल्या कामावर शिक्का मारायला नाही.

एकांनी लिहिलंय, "बाबू तोंडी हो म्हणाले." दादा, तोंडी होकार म्हणजे आदेश नाही. दुसऱ्या ताई म्हणतात सातबाऱ्यावर अ.पा.क., म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, म्हणून नाव लागलंय. ताई, त्या नोंदीने विकायची परवानगी मिळत नाही. विकणं, गहाण ठेवणं, पाच वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देणं, याला कलम २९ खाली कोर्टाची आधी परवानगी लागतेच, नाहीतर तो व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो. आणि अर्ज करताना गैरसोयीची गोष्ट लपवलीत तर कलम ३३ चं कवचही गेलं.

मुलगा सज्ञान झाला की हिशोब, कागदपत्रं सगळं सोपवा आणि कलम ४१ खाली कोर्टाकडून मुक्ततेचा आदेश मागा. तो मिळाला की जबाबदारी सुटते, फक्त मागाहून फसवणूक उघडकीला आली तर नाही.