कांडी भरणारे हात

वडगावच्या गल्लीत शिरलं की माग आधी ऐकू येतो, मग दिसतो. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात माग घरातच असतो. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत चूल.

मागावर लोंबणारी ही पुठ्ठ्यांची माळ बघा. हे जॅकार्ड. साडीच्या काठावरची सगळी नक्षी पुठ्ठ्यांवरच्या या भोकांत आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डनं ही युक्ती बसवली. त्याआधी धागे उचलायला मागापाशी एक पोर ठेवावं लागे. ल्यों शहराच्या विणकरांनी या यंत्राला कडाडून विरोध केला होता. पुढं तीच भोकं संगणकाच्या कार्डांत गेली. आता नव्या मागांवर पुठ्ठाही नाही, नक्षी पेनड्राइव्हमधून येते.

पण आमची नजर अडली ती कोपऱ्यात. तिथं आजी कांड्या भरतात. आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो धोटा, आणि त्यात बसते ती सुताची कांडी. ती सारखी संपते, सारखी भरावी लागते. आता येणाऱ्या नव्या, वेगवान रॅपियर मागाला धोटाच नसतो. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत थेट सुताच्या मोठ्या कोनावरून ओढलं जातं. म्हणजे कांडी नाही, आणि कांडी भरणारंही कुणी नको. आजींना आजवर कुणी कामगार म्हटलं नाही. त्यांचं काम गेलं तर ते गेल्याची नोंद कुठं होणार?

त्यांच्या खांद्याला विसावा मिळावा, असं आम्हालाही मनापासून वाटतं. प्रश्न आहे तो वाचलेल्या वेळाच्या पैशांचा. इथं मजुरी साडीमागं मिळते. माग वेगानं चालला आणि साडीमागची मजुरी तेवढीच उतरली, तर घरात येणारा पैसा तेवढाच राहतो.

अर्थतज्ज्ञ केन्सनं १९३० साली लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. २०३० आता दारात आहे, आणि मागावरची पाळी अजून बारा तासांची.

रॅपियर महाग, शिवाय घरच्या पुढच्या खोलीत मावत नाही. त्याला शेड लागते. ज्याच्याकडं शेड तो मालक होणार, आणि आजवर स्वतःच्या मागावर बसलेला विणकर तिथं मजूर म्हणून जाणार. बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथच्या जागी संगणकावर चालणारे सीएनसी आले, पण तिथं मशीन कधी कामगाराचं नव्हतंच. इथं आहे.

म्हणून आमचं म्हणणं: चार घरांनी मिळून एक शेड घ्यावी, बँकेनं कर्ज द्यावं, आणि भागीदारीच्या कागदावर कांडी भरणाऱ्या बायकांची नावं आधी घालावीत.