कंपनी नसलेला क्लब

१९६५ साली जपानी फुटबॉलमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली मोठी. देशपातळीवरची लीग त्या वर्षी सुरू झाली आणि ती हिरोशिमाच्या तोयो कोग्यो संघाने जिंकली. तोयो कोग्यो म्हणजे आपण आज जिला माझदा म्हणतो ती मोटार कंपनी. सम्राट चषक, म्हणजे सगळ्या श्रेणींच्या संघांना खुली असलेली बाद पद्धतीची देशव्यापी स्पर्धा, तीही त्यांनीच नेली. दुसरी गोष्ट छोटी. यामानाशी नावाच्या डोंगराळ प्रांतात, कोफू शहरात, एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून 'कोफू क्लब' उभा राहिला. हे दोन संघ सत्तावन्न वर्षांनी एका अंतिम सामन्यात समोरासमोर आले. आज मला तुम्हाला तिथपर्यंत न्यायचं आहे.

त्या काळी जपानमध्ये फुटबॉल हा कंपन्यांचा खेळ होता. फुरुकावा, मित्सुबिशी, हिताची, यानमार ही संघांची नावं वाचली तरी कळतं. खेळाडू कंपनीचा नोकर, पगार कंपनीचा, मैदान कंपनीचं. कोफू क्लबच्या पाठीशी अशी कंपनी नव्हती. तरीही १९७२मध्ये हा संघ लीगच्या दुसऱ्या श्रेणीत पोचला आणि तिथे तग धरून राहिला. कागदोपत्री ही किरकोळ नोंद आहे. पण कारखान्यांच्या संघांमध्ये एका गावाचा संघ वर्षानुवर्षं खेळतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. माझा जीव या क्लबवर जडला तो तिथेच.

आता गाव कसं आहे ते सांगतो. यामानाशीला समुद्र नाही. चहूबाजूंनी डोंगर, दक्षिणेच्या सीमेवर फुजी, आणि मध्ये परातीसारखं खोलगट खोरं. त्या खोऱ्यात कोफू. उतारांवर द्राक्षांचे मांडव. टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून जलद गाडीने साधारण दीड तासात माणूस तिथे पोचतो, आणि हेच त्या गावाचं दुखणंही आहे. राजधानी इतकी जवळ, की हाताशी आलेलं पोर तिकडेच जातं. नाकाता हिदेतोशी याच प्रांतातला. निरासाकीच्या शाळेत तो घडला आणि १९९५मध्ये व्यावसायिक झाला तो बेलमारे हिरात्सुकाकडून. तो जपानचा त्या पिढीतला सर्वांत गाजलेला खेळाडू, पण घरच्या क्लबाच्या वाट्याला आला नाही. कोफू तेव्हा व्यावसायिक लीगमध्येच नव्हता.

१९९३मध्ये दहा क्लब घेऊन जे-लीग सुरू झाली. क्लबाच्या नावातून कंपनी गेली, गावाचं नाव आलं. जे कोफूकडे पहिल्यापासून होतं ते आता नियम म्हणून सगळ्यांना लागू झालं. कोफूने १९९५मध्ये नवं नाव घेतलं, 'व्हेन्टफोरे'. फ्रेंचमध्ये व्हां म्हणजे वारा, फोरे म्हणजे वन. पण मूळ कल्पना इथलीच आहे. सोळाव्या शतकात या प्रांतावर ताकेदा शिंगेनची सत्ता होती. त्याच्या निशाणावर चिनी युद्धशास्त्रातली वचनं होती : वाऱ्यासारखं वेगवान, वनासारखं शांत, अग्नीसारखं आक्रमक, पर्वतासारखं अचल. त्यातले वारा आणि वन क्लबाने घेतले.

१९९९मध्ये जे-लीगची दुसरी श्रेणी निघाली आणि कोफू तिच्यात आला. मग सलग तीन वर्षं शेवटचा नंबर. २०००च्या मोसमात तर एकापाठोपाठ एक सामने हरण्याचा सपाटाच लागला. घरच्या मैदानावर सरासरी दोन हजारही माणसं येत नव्हती. कर्ज चढलं होतं. क्लब चालवायचा की बंद करायचा, हा प्रश्न मोठ्या भागधारकांपुढे आला. हे भागधारक म्हणजे यामानाशी प्रांत, कोफू शहर, निरासाकी शहर आणि तिथला वृत्तपत्रसमूह. त्यांनी एका वर्षाची मुदत दिली आणि तीन अटी घातल्या. सरासरी प्रेक्षक ३ हजार. क्लबाचे वर्गणीदार ५ हजार. जाहिरातींचं उत्पन्न ५ कोटी येन. यातलं एक जरी चुकलं, तरी क्लबाचं भवितव्य पुन्हा टांगणीला.

या अटी नीट बघा. जिंकण्याची अट त्यात नाही. दहावे या, आठवे या, असं कुणी म्हटलं नाही. गावाला हा क्लब हवा आहे का, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर माणसं मोजून द्यायचं होतं.

२००१मध्ये अध्यक्षपदावर आले उमिनो काझुयुकी. वृत्तपत्रसमूहातले गृहस्थ, फुटबॉलमधले नव्हेत. त्यांनी एका मोठ्या धन्याचा शोध धरलाच नाही. ते लहान दुकानदारांकडे गेले. ज्याला जेवढं झेपेल तेवढी जाहिरातीची पाटी. पैसे नाहीत? मग खेळाडूंचे कपडे धुऊन द्या, तेही चालेल. सरावानंतर तुमच्या स्नानगृहात खेळाडूंना अंघोळ करू द्या, त्याबदली मैदानावर तुमचं नाव लावू. कोसे हे क्लबाचं घरचं मैदान, मुळात धावपट्टीचं. प्रेक्षक आणि गवत यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा. त्या जागेत पाट्या उभ्या राहिल्या, एका रांगेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. चित्रात बघितलं तर आठवडी बाजारात मांडलेल्या मालासारख्या दिसतात.

आणि स्ट्रेचर. मैदानावर खेळाडू जखमी होऊन पडला की चार जण स्ट्रेचर घेऊन धावत येतात. त्या क्षणी अख्ख्या मैदानाची नजर त्या एका वस्तूवर असते. कोफूने त्या स्ट्रेचरवरही जाहिरात घेतली. ऐकताना विचित्र वाटेल. पण या एका गोष्टीत मला तो सगळा काळ दिसतो. विकण्यासारखं आपल्याकडे काय काय आहे, याचा हिशेब करत कुणीतरी रात्री बसलं असेल, आणि करता करता बोट स्ट्रेचरपर्यंत येऊन थांबलं असेल.

मोसम संपला. संघ पुन्हा शेवटचाच. पण तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. सरासरी प्रेक्षक तीन हजारांच्या वर गेले होते. तळाला राहिलेल्या संघाचे सामने बघायला लोक आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने आले. क्लबाच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय कोणता, असं मला विचारलंत तर मी चषकाआधी हे वर्ष सांगेन.

पुढची वर्षं भराभर सांगतो. संघ वर चढत गेला आणि २००५मध्ये ओकी ताकेशी यांच्या हाताखाली तिसरा आला. पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी काशिवा रेसोलशी दोन सामने होते. पहिला कोसेला. कोफू २-१ने पुढे, सामना अगदी संपत आलेला, आणि मैदानावरचे दिवे गेले. काळोखात, डिसेंबरच्या थंडीत सगळे थांबून राहिले. दिवे आले, उरलेला खेळ झाला, आघाडी टिकली. तीन दिवसांनी काशिवाच्या मैदानावर बारे नावाच्या ब्राझिलियन आघाडीवीराने एकट्याने सहा गोल केले. ६-२. चार वर्षांपूर्वी तळाशी असलेला क्लब पहिल्या श्रेणीत गेला. तिथून घसरला, परत चढला, २०१३पासून सलग पाच वर्षं टिकला, पुन्हा उतरला.

आता २०२२. त्या वर्षी कोफू दुसऱ्या श्रेणीतल्या २२ संघांत अठरावा आला. म्हणजे लीगमध्ये दैना. पण सम्राट चषकात याच संघाने पहिल्या श्रेणीचे संघ एकेक करून बाहेर काढले : साप्पोरो, तोसू, फुकुओका, आणि उपांत्य सामन्यात काशिमा. काशिमा म्हणजे जपानमधला सर्वाधिक विजेतेपदांचा क्लब. १६ ऑक्टोबरला योकोहामात अंतिम सामना. समोर 'सानफ्रेचे हिरोशिमा' हा क्लब. म्हणजे तोच, १९६५चा तोयो कोग्यो.

मित्सुहिरा काझुशीने कोफूला पुढे नेलं. शेवटची सहा मिनिटं उरली असताना कावामुरा ताकुमुने बरोबरी केली. जादा वेळ सुरू झाला. त्यातही शेवटाकडे कोफूने यामामोतो हिदेओमीला मैदानात उतरवलं. वय ४२. २००३पासून हा माणूस याच क्लबात. पाट्यांच्या त्या पहिल्या वर्षांपासून ते पहिल्या श्रेणीपर्यंत आणि तिथून खाली, सगळं त्याने बघितलेलं. मैदानात येऊन चारच मिनिटं झाली असतील, आणि गोलपुढच्या चौकटीत चेंडू त्याच्या हाताला लागला. पेनल्टी.

मी ही चित्रफीत पुष्कळदा बघितली आहे. दर वेळी माझी नजर चेंडूवर न जाता यामामोतोवर जाते. वीस वर्षं दिली, आणि आता आपल्याच हातून हे जाणार, असा तो क्षण आहे. हिरोशिमाच्या मित्सुताने चेंडू मारला. गोलरक्षक कावाता कोहेईने झेप घेऊन अडवला.

शूटआउटमध्ये कावाताने आणखी एक अडवला. पाचवा आणि शेवटचा फटका मारायला कोण आलं? यामामोतो. चेंडू नीट ठेवला, धावत आला, आणि जाळ्यात मारला. ५-४. कोफूचा पहिला मोठा चषक.

हिरोशिमाची बाजूही सांगायला हवी. सानफ्रेचे या नावाने त्यांनी सम्राट चषकाचे अंतिम सामने त्याआधी पाच वेळा गमावले होते, हा सहावा. पण सहाच दिवसांनी त्यांनी लीग चषक जिंकला, याचा मलाही आनंद आहे.

सम्राट चषक जिंकल्यामुळे कोफूला आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. पण कोसेचं मैदान त्या स्पर्धेच्या निकषांत बसेना. घरचे सामने टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर घ्यावे लागले. अवाढव्य स्टेडियम, कामाच्या दिवसाची संध्याकाळ, आणि कोफूहून येणारी माणसं ती किती. ४ ऑक्टोबर २०२३ला थायलंडचा बुरिराम युनायटेड समोर होता. त्या रात्री ११ हजारांहून जास्त लोक आले, आणि त्यांत इतर क्लबांचे पाठीराखेही होते. आपापल्या क्लबाच्या जर्सी घालून आलेले. लाल, पिवळ्या, हिरव्या जर्सी. एरवी एकमेकांविरुद्ध ओरडणारी माणसं त्या संध्याकाळी निळ्या कोफूच्या मागे उभी होती. ९०व्या मिनिटाला हासेगावा मोतोकीने गोल केला. १-०.

कोफू त्या गटात पहिला आला आणि बाद फेरीत कोरियाच्या उल्सानकडून हरला. मग परत दुसऱ्या श्रेणीत, परत कोसेला, त्या पाट्यांच्या रांगांमध्ये.